तळाचा माल

सांगलीच्या हळदपेठेत चांदसाहेब अत्तार यांच्या अडतीवर एक रीत होती. शेतकरी पोती उतरवून टेकला, की चांदसाहेब आधी त्याला चहा पाजायचे आणि मग विचारायचे, "तोंडाचा माल मला दिसतोय. तळाशी काय हाय ते तुमी सांगा." तळाला थोडी किडकी हळकुंडं आहेत असं शेतकऱ्यानं सांगितलं, तर ते मान हलवायचे, तेवढा भाव कमी धरायचे आणि घेणाऱ्या व्यापाऱ्यापुढं त्या पोत्याची हमी स्वतः घ्यायचे. पुढं काही वावगं निघालं तर नुकसान त्यांचं. पण विचारूनही ज्यानं तळाचा माल लपवला, त्याची हमी तिथंच संपली. तसं फारसं घडायचं नाही. एवढा मोठा बाजार, तिथं लबाडांना काय तोटा. पण त्या ओट्यावर आलं की चांगले मुरलेले लबाडसुद्धा निमूटपणे खरं सांगून टाकायचे.

मनुबाईचं माहेर या पेठेच्या मागच्या बोळात. बाप बाजारात पोती तोलायची तोलारी करायचा. तिला सख्खा भाऊ नव्हता. चार-पाच वर्षांची असताना भाऊबीजेला ती दारात बसून रडायला लागली, तेव्हा शेजारच्या नूरजहांबींनी आपल्या चांदला न्हाऊ-माखू घालून तिच्यापुढं पाटावर आणून बसवला. तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. मनुबाई लग्न होऊन रहिमतपूरला आली, तर चांददादा भाऊबीजेला रहिमतपूरला यायला लागला. गावातल्या बायकांनी पहिल्या वर्षी नाकं मुरडली, दुसऱ्या वर्षी कुजबुजल्या आणि तिसऱ्या वर्षापासून "मनीचा भाऊ आला का गं?" असं विचारायला लागल्या. गावाचं असंच असतं.

तिचा नवरा नाथाजी निकम फौजेत हवालदार होता. चीनच्या लढाईत बर्फात उभा राहून उजव्या पायाची बोटं झडली, आणि काही वर्षांनी तो पेन्शन घेऊन घरी आला. पोटी मूलबाळ नव्हतं. लंगडता पाय, वाढतं वय आणि पाठीमागं कोणी नाही. त्यामुळं एक चांगला पाण्याखालचा तुकडा पदरात पडावा एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं. असा माणूस वाईट नसतो. तो भ्यालेला असतो, आणि भ्यालेला माणूस कधी कधी वाईटापेक्षा जास्त नुकसान करतो.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि शेजारच्या कृष्णातनं आपलं विहिरीचं शेत विकायला काढलं. त्याला पिंपरीला कारखान्यात चिकटायचं होतं. शेत निकमांच्या कोरडवाहू तुकड्याच्या बांधाला बांध लावून, विहिरीचं पाणी दुष्काळातही न आटलेलं, आणि किंमत मात्र ऐकणाऱ्याला दचकायला लावील इतकी उतरलेली. ती का उतरली होती हे आळीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. ते शेत कृष्णातचं नव्हतंच. ते त्याच्या चुलतीचं होतं, बनुबाईचं.

बनुबाईचा नवरा केरबा लग्नानंतर थोड्याच दिवसांत बेळगावकडं गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. तेव्हा तिच्या सासऱ्यानं पंचांसमक्ष सांगितलं होतं, "पोरानं हिला टाकली, पर घरानं न्हाई. हिरीचं शेत हिच्या पोटगीला दिलं." कागद केला नाही. त्या काळी घरातल्या सुनेला कोण कागद करून देतो? एकटी बाई शेत कसणार कशी, म्हणून ती सांगलीला भावाकडं राहिली, कृष्णातचा बाप शेत करायचा आणि हळद शिजून वाळली की निम्मा वाटा बनुबाईचा. बाप गेल्यावर कृष्णात देत राहिला. दर उन्हाळ्यात कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली बनुबाई एसटीनं यायची, खळ्यावर बसून आपली पोती भरून घ्यायची, आणि परत जाताना मनुबाई तिची ओटी भरायची. नवऱ्यानं टाकलेली असली तरी ती सवाष्ण होती आणि तिची ओटी भरणारं त्या घरात कोणी उरलं नव्हतं. पोती स्टँडवर पोचवायला कितीदा तरी नाथाजीचीच बैलगाडी गेली होती.

"काकीचं काय?" शेत घ्यायची बोलणी सुरू झाली तेव्हा मनुबाईनं विचारलं होतं.

"तिचं तिचा पुतण्या बघंल. सात-बाऱ्यावर तिचं नाव हाय का? न्हाई. मग आपण कशाला इचारायचं?"

"पर आपल्याला ठाऊक हाय की."

"ठाऊक असणं आन सांगणं ह्यात लय फरक हाय," नाथाजी म्हणाला. आणि त्या दिवसापासून त्यानं तो विषय घरात निघू दिला नाही.

तरीही त्याला धास्ती होतीच. कृष्णात उद्या पिंपरीला गेला की हाती लागायचा नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं दुसरी वाट काढली. कृष्णातची हळद वर्षानुवर्षं चांदसाहेबांच्याच अडतीवर जायची. त्यांनी व्यवहाराची हमी घ्यावी. कोणी हक्क सांगत आलं आणि शेत हातचं गेलं, तर चांदसाहेबांनी भरून द्यावं. हे त्यांना कोण सांगणार? मनुबाईच सांगणार. आणि ती सांगायला गेली. सांगलीच्या घरात, नूरजहांबींच्या रिकाम्या बाजेपाशी बसून तिनं म्हटलं, "दादा, आमाला म्हातारपणाला दुसरं काय न्हाई." चांदसाहेबांनी पुढचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही, लगेच हो म्हणाले. सांगलीजवळ हरिपूरला त्यांची स्वतःची जागा होती, जमिनीत खोल खणलेली हळद साठवायची पेवं असलेली. सगळा धंदा त्या पेवांवर उभा. ती जागा त्यांनी हमीला लावली. त्यांचा मुलगा हुसेन तेवढा कुरकुरला. शेवटी त्याच्या आग्रहानं हमीपत्रात एक वाक्य घातलं गेलं: घेणाऱ्यानं त्याला माहीत असलेलं सगळं सांगितलं आहे, या भरवशावर ही हमी आहे.

सही करण्याआधी चांदसाहेब रहिमतपूरला आले आणि शेताच्या चारी बांधांवरून फिरले. मग विहिरीपाशी उभं राहून त्यांनी पेठेत विचारतात तसंच विचारलं.

"पावनं, कागद मी बघितले. वर सगळं ठीक दिसतंय. तुमी शेजारी. कागदावर न्हाई असं काय हाय का? कुणाची वाट, पाण्याची पाळी, कुणाचा वाटा?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला.

"कृष्णात?"

कृष्णातनं मान हलवली. त्याला एसटी पकडायची घाई होती.

चांदसाहेबांनी बहिणीकडं बघितलं. ती वाकून बांधावरची हरळी उपटत होती. तिथं हरळी उपटण्याजोगी होती असंही नाही.

"तुझं काय, मनू?"

"ह्यांनी सांगितलं की," ती न बघताच म्हणाली.

खोटं ती बोलली नाही. पण जे बोलली त्याला खरं म्हणायलाही जीभ रेटत नाही. चांदसाहेबांना मात्र तेवढं पुरलं. ते विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायले, गोड आहे म्हणाले आणि सही करून गेले.

पहिल्या वर्षीची हळद झकास आली. शेतातच चूल पेटवून मोठ्या काहिलीत ती शिजत होती. नाथाजी पेन्शनच्या कामासाठी साताऱ्याला गेला होता आणि मनुबाई धुरात डोळे चोळत बायकांवर लक्ष ठेवून होती. तेवढ्यात बांधावरून बनुबाई आली. हातात रिकामी पोती, कपाळावर तेच मोठं कुंकू. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. कृष्णातनं नाही, भावकीनं नाही, गावानं नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि सगळं गाव तोंडाला कुलूप लावून बसलेलं.

"किष्णा कुटं दिसंना गं?"

"पिंपरीला कामाला गेलाय, काकी. आता शेत आमी बघतो."

बनुबाईला वाटलं, कृष्णातनं शेत निकमांना वाट्यानं लावलं. ती समाधानानं सावलीत टेकली. "बरं झालं. तुमच्या हातात हाय म्हंजे मला घोर न्हाई," म्हणाली. आणि मनुबाईला काही तिला पुढचं सांगता येईना. आधी शिजवून वाळवलेल्या हळदीची दोन पोती तिनं भरून दिली. दरवर्षीसारखी खण-नारळानं ओटी भरली. बनुबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

नाथाजी परत आला आणि त्याला कळलं. तो ओरडला नाही. भिंतीला टेकून बसला आणि पायाचा मोजा काढत म्हणाला, "आपल्या हातानं वाटा दिलास. म्हंजे तिचा वाटा हाय हे तूच कबूल केलंस. आता देवच बघंल आपल्याकडं."

दुसऱ्या वर्षी त्यानं मनुबाईला घराबाहेर पडू दिलं नाही. तो स्वतः बांधावर जाऊन बनुबाईला आडवा झाला आणि शेत आपण विकत घेतल्याचं सांगितलं. घर शेताला लागूनच होतं, मनुबाई दाराच्या फटीतून बघत होती. बनुबाई भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. ती बराच वेळ बांधावर बसून राहिली, मग पोत्यांची घडी काखेत मारून स्टँडकडं चालायला लागली. जाताना तिनं एकदा निकमांच्या दाराकडं वळून बघितलं. मनुबाईनं दार लोटून घेतलं.

त्याच पावसाळ्यात साताऱ्याच्या कोर्टाची नोटीस आली. बनुबाईच्या भावानं वकील दिला होता. मग तारखा सुरू झाल्या. आणीबाणी आली, गेली, सरकारं बदलली, पण तारखा काही संपेनात. प्रत्येक तारखेला नाथाजी लंगडत पहाटेची एसटी धरायचा आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचा. कृष्णात पिंपरीला दारूत बुडाला आणि एक दिवस फुप्फुसं भरून मेला. त्याच्या मागं वसूल करण्यासारखं एक पातेलंही उरलं नाही.

खरी पंचाईत केली ती बिराप्पा धनगरानं. पंच सगळे कधीच मरून गेले होते आणि गावातल्या धडधाकट माणसांना कोर्टात काही आठवेना. म्हातारा बिराप्पा तेवढा काठी टेकत साक्षीला उभा राहिला. त्यानं सांगितलं, "त्या शेतात मेंढरं बसवायची तर मी बनुबाईला इचारायचो. ती व्हय म्हणली की मगच बसवायची. मेंढरं काय परक्याच्या शब्दावर बसवत्यात व्हय?" ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची त्या मालकाचीच परवानगी लागते, हे कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला समजत होतं. पुढचं काम वकिलानं केलं. नवऱ्याच्या घरानं पोटगीला म्हणून बाईला दिलेली जमीन छप्पनच्या वारसा कायद्यानं तिची स्वतःची झाली, आयुष्यापुरती नव्हे, पुरती तिचीच. विकायचा अधिकार कृष्णातला कधी नव्हताच.

बनुबाईच्या जबानीत मनुबाईचं नावही आलं. पहिल्या साली निकमाच्या मनूनं माझा वाटा मला दिला, असं ती म्हणाली. नाथाजीच्या वकिलानं ते हसण्यावारी नेलं. गरीब बाई दाराशी आली, धर्म म्हणून दिलं, हक्क म्हणून नव्हे. निकालात ती दोन पोती आली, पण निकाल त्यांच्यावाचूनही बनुबाईचाच होता.

निकालानंतर बनुबाई शेत ताब्यात घ्यायला आली आणि सरळ निकमांच्या घरात शिरली. नाथाजी मागल्या दारानं निघून गेला. बनुबाई मनुबाईसमोर बसली.

"तुझं नाव कोर्टात घेतलं. तुला वंगाळ वाटलं असंल, पोरी."

मनुबाईनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"पर खरं तेच बोलले. समद्या गावात माझं मला देणारी तू एकलीच." मग तिनं ओच्यातून मूठभर हळकुंडं आणि खण काढला आणि मनुबाईची ओटी भरली. "तुला कुणाचं भ्या न्हाई वाटलं. माझ्या भावाला मी तेच सांगते."

मनुबाईला वाटलं, हिनं आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पदरात पडलेली ती हळकुंडं तिनं डब्यात टाकली नाहीत, की फेकलीही नाहीत. देव्हाऱ्याच्या मागं ठेवून दिली.

आता उरली ती हरिपूरची जागा. नाथाजी सांगलीला जाऊन आला. चांदसाहेब म्हणाले, शब्द दिलाय तर देणार. पण हुसेन आडवा पडला होता. हमीपत्रातलं ते वाक्य त्यानं नाथाजीसमोर मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, शेजारच्या शेतातला वाटा दरवर्षी तुमच्या डोळ्यांदेखत जातो आणि तुम्हांला तो ठाऊक नव्हता? नाथाजी म्हणाला, नव्हता. हुसेन म्हणाला, मग आपण कोर्टात बघू. चांदसाहेबांनी दोघांनाही गप्प केलं. "कोर्ट नको. मनूला घेऊन या. ती सांगंल ते खरं. ती म्हणली ठाऊक न्हवतं, तर जागा तुमची."

सांगलीच्या एसटीत नाथाजी तिच्याशेजारी बसला होता. कराड गेलं, उसाचे फड मागं पडत राहिले. इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यानं बूट काढला आणि आखडलेला पाय चोळायला लागला.

"मला आता मजुरी व्हायची न्हाई, मने. रखवालदारीला बी ह्या पायाला कुणी घेत न्हाई. मी आधी गेलो तर तुला फौजेचं थोडं मिळंल. तू आधी गेलीस तर मला भाकरी कोण देईल, सांग." थोड्या वेळानं म्हणाला, "त्यांच्याकडं अडत हाय, घर हाय, कर्ता लेक हाय. एक शब्द बोलायचा हाय तुला."

तो धमकावत असता, तर तिला सोपं गेलं असतं.

हरिपूरला चांदसाहेब पेवांपाशीच होते. त्या दिवशी एक पेव उघडलं होतं. हमाल बाजूला बसून होते, कारण पेवाचं तोंड उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं. आतली कोंडलेली हवा माणसाला खाते. एक जण दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडत होता. हुसेनची बायको परवीन घरून चहाची किटली घेऊन आली होती. तिनं मनुबाईला वाकून सलाम केला, कपात चहा ओतला आणि हुसेनच्या मागं जाऊन उभी राहिली.

हुसेननं वेळ घालवला नाही. "आत्या, एकच सांगा. काय ठाऊक न्हवतं, तर पयल्या साली बनुबाईला दोन पोती कशी दिली? भिकाऱ्याला कुणी दोन पोती हळद देतं?"

नाथाजीनं तिला हे उत्तर शिकवलं नव्हतं. पण तिला बोलावंच लागलं नाही. चांदसाहेबच मध्ये पडले.

"तुला काय ठाऊक हिचा सोभाव. लहानपणी भर पावसात आपली कांबळी रस्त्यावरच्या म्हातारीला देऊन आली, बापाचा मार खाल्ला. दारात आलेल्याला मोजून द्यायचं हिला कवा जमलंच न्हाई." ते हसले. मग जरा गंभीर झाले. "तरी रीत म्हणून इचारतो. मनू, त्या दिवशी बांधावर उभी व्हतीस तवा बनुबाईचा त्या शेतात वाटा हाय, हे तुला ठाऊक व्हतं का?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. दाढी पांढरी झाली होती. पण डोळे पाटावर येऊन बसलेल्या पोराचेच होते, लाडूची वाट बघणारे. मग तिची नजर नाथाजीच्या बुटावर गेली. बोटांच्या जागी त्यात कापसाचा बोळा कोंबलेला असायचा, आणि तो बोळा रोज सकाळी तीच बदलायची.

"न्हवतं, दादा."

"झालं," चांदसाहेब म्हणाले. "हुसेन, कागद आण."

हुसेन हलला नाही. तो आत्याकडं बघत राहिला, आणि तिला स्वच्छ कळलं, की याला सगळं समजलंय. परवीनलाही समजलं होतं. तिनं मनुबाईसमोरचा कप उचलला, अर्धा भरलेला असताना. तिकडं दोरी धरलेला माणूस ओरडून म्हणाला, की कंदील तळापर्यंत जळतोय, हवा चांगली आहे. हमाल उठून कामाला लागले. शेवटी कागद चांदसाहेबांनी स्वतःच घरातून आणले.

जागा नाथाजीच्या नावावर झाली. पेवं त्यानं दुसऱ्या व्यापाऱ्यांना भाड्यानं दिली आणि घरात नियमानं पैसा यायला लागला. त्यानं शहाबादी फरशी घातली, मनुबाईला नवं लुगडं घेतलं. तो आता चारचौघांत बसायला लागला, आवाज चढवून बोलायला लागला. माणूस सुखी झाला होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. मनुबाई मात्र जेवायला बसली की दोन घासांत उठायची. विचारलं तर म्हणायची, पित्त झालंय.

भाऊबीजेला चांदसाहेब येतील का, हे तिनं नाथाजीला विचारलं नाही. पाट मात्र सकाळीच मांडून ठेवला. ते येऊ नयेत असं तिला वाटत होतं, आणि त्यांच्या यायच्या वेळी ती दहादा दाराशीही जात होती.

ते आले. पूर्वी स्वतःच्या लँब्रेटावरून यायचे, आता स्टँडवरून पायी आले होते. अंगात तोच नेहमीचा लांब कोट, पण खांद्यांवर सैल झालेला. पाटावर बसताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. त्यांनी पिशवीतून खणाचा एक तुकडा काढून तबकाशेजारी ठेवला. दरवर्षी लुगडं असायचं.

"औंदा एवढंच हाय, मनू. राग मानू नगंस. माल दुसऱ्याच्या पेवात ठेवावा लागतो, त्याचं भाडं जातं. बाजारात पूर्वीसारखं ऱ्हायलं न्हाई."

"दादा, तू आलास तेच लय झालं." तिनं वात सरळ केली. दोन्ही हातांनी तबक उचललं. "हुसेन बरा हाय न्हवं? परवीन?"

चांदसाहेबांनी खणाची घडी नीट केली. नाथाजी उंबऱ्यात उभा होता. तो तंबाखू मळता मळता थांबला.

"हुसेन घरात न्हाई. परवीनला घेऊन कोल्हापूरला गेला, वेगळा झाला." त्यांनी टोपी सारखी केली. "जागा दिली म्हणून न्हवं. त्याचं त्याला सोसलं असतं. पर एक दिवस जेवताना म्हणला, अब्बा, तुमची भैन तुमच्या तोंडावर खोटं बोलली आन तुमी ऐकून घेतलं. मी त्याला मारलं, मनू. एवढ्या कर्त्या पोराला, त्याच्या बायकोदेखत. जन्मात कवा हात उगारला न्हवता."

तबकातल्या ज्योतीची ऊब तिच्या हनुवटीला लागत होती. ओवाळायला हात फिरवायचा असतो, हेच ती विसरून गेली होती.

"रातीला झोप लागत न्हाई," चांदसाहेब म्हणाले. त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. पोत्यापाशी शेतकऱ्याला विचारताना असायचा तसा शांत, साधा चेहरा होता. "दुसऱ्या कुणाला इचारू? तूच सांग. मी त्याला मारलं ते बरोबर केलं का न्हाई?"

उंबऱ्यात नाथाजी खाकरला. देव्हाऱ्यामागं ती हळकुंडं अजून तशीच पडून होती.

"बरोबर केलंस, दादा," मनुबाई म्हणाली.

चांदसाहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांचे खांदे सैल झाले आणि त्यांनी ओवाळून घ्यायला मान खाली घातली. तिनं त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता लावल्या. मग तोंड गोड करायला लाडू पुढं केला, आणि त्यांनी तो लहानपणीसारखा एका घासात अर्धा खाल्ला.